गुरुवारचं तेल

टोकमोक शहर सोडताना उजव्या हाताला तालायचं दुकान लागतं. पाटीवर लिहिलंय : ‘ऑईल बदलून मिळेल, दहा मिनिटांत. उशीर झाल्यास चहा फुकट.’ त्या गुरुवारी मी तिथे सात प्याले चहा प्यायले आणि आठवा नको म्हणताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

बाबांना जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी कोचकोरला घरी चाळिसावा होता. मी बिश्केकहून त्यांचीच गाडी घेऊन निघाले होते. तीस वर्षांची पांढरी ऑडी. ते दवाखान्यात होते तेव्हापासून ती माझ्याकडे होती आणि माझ्याकडे का होती, हाच घरात वाद होता.

एसेनकुल अबाके म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. गाडी त्यांना हवी होती. पण हवी आहे असं ते म्हणत नव्हते.

“पोरी, गाडी मला दे असं मी म्हणतच नाही,” ते आदल्या आठवड्यात फोनवर म्हणाले होते. “मी एवढंच म्हणतो, चाळिसाव्याला चार वडीलधारी माणसं बसतील. ती म्हणतील तसं करू.”

“कोण चार माणसं?”

“एक मी.”

“आणि बाकीची तीन?”

“ती माझ्यानंतर बोलतात.”

मग ते आणखी चढले.

“तू पुस्तकातली बाई. बरं, सांग, गाडीचं ऑईल शेवटचं कधी बदललं?”

मला माहीत नव्हतं.

“बघ! घोडा असता तर एव्हाना तुझ्या दारात मरून पडला असता. तू आलीस की मी आधी बॉनेट उघडणार, नंतर तुझी विचारपूस करणार. ऑईल मोजायची पट्टी काळी निघाली तर पुढे काही बोलायचं नाही. किल्ली इथे.”

गाडीवाचून माझं बिश्केकमध्ये काही अडत नाही. मी काम करते ते ग्रंथालय घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. पण बाबा मला भेटायला त्या गाडीतून यायचे आणि माझ्या खिडकीखाली हॉर्न न वाजवता बसून राहायचे, कधी कधी तासभर. वाचत असलेल्या माणसाला हाक मारू नये असं त्यांचं मत होतं. मी केव्हातरी खाली डोकावायची आणि मग पळत जायची. हे मी अबाकेंना सांगितलं नाही. त्यांना ते सांगून पट्टी स्वच्छ निघणार नव्हती.

म्हणून निघण्याआधी मी गाड्यांच्या बाजारात गेले. बाबा नेहमी ज्याच्याकडून ऑईल घ्यायचे तो माणूस पिंपातून मोजून देतो. त्याच्याकडे रिकामा कॅन नव्हता, त्याने सूर्यफूल तेलाची पाच लिटरची प्लॅस्टिकची बाटली धुऊन त्यात भरून दिलं. बाटलीवर पिवळंधमक फूल तसंच होतं. पुढे टोकमोकला आईचं काम. चाळिसाव्याचे बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे फुगीर तुकडे, तळायला तिला टोकमोकच्या बाजारातल्या एकाच घाण्यावरचं सूर्यफुलाचं तेल चालतं, आणि त्यासाठी तिने मला भांडंही देऊन ठेवलं होतं. ते भांडं म्हणजे इंजिन ऑईलचा निळा कॅन. बाबांनी रिकामा केलेला, आईने सोड्याने तीनदा धुतलेला. आमच्या घरात रिकामं भांडं फेकणं हा गुन्हा आहे.

घाण्यावर तो भरून घेतला आणि कॅन आणि बाटली मी स्वतः डिकीत शेजारी शेजारी ठेवली. मला काहीही खटकलं नाही.

तालायच्या दुकानात मध्यभागी एक लांब खड्डा आहे, गाडी त्याच्यावर उभी करायची. मी गाडी आत घेतली तेव्हा खड्ड्यातून आवाज आला, “डावीकडे! डावीकडे! एजे, माझ्या डोक्यावर नको, खड्ड्यावर!” एजे म्हणजे ताई.

“तो केमेल,” तालाय म्हणाला. तो पन्नाशीचा, रुंद, हसरा माणूस होता. “माझा मेव्हणा. त्याला सकाळी आत सोडतो, संध्याकाळी वर काढतो.”

“जेवायला पण काढतो,” आवाज म्हणाला.

“ऑईल आणलंय ना, एजे? की आमचं घालू?”

“आणलंय. डिकीत आहे.”

“फिल्टर?”

“तो पुढच्या सीटवर.”

“मग झालंच. घड्याळ लावा.”

मी खरोखरच घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं.

दुकानाच्या कोपऱ्यात ठेंगणं टेबल होतं आणि त्याच्यापाशी तालायचे वडील बसलेले होते. डोक्यावर पांढरी फेल्टची टोपी, पुढ्यात चहाची किटली. कालीक त्यांचं नाव; अशा वडीलधाऱ्यांना आम्ही अताके म्हणतो. मला बसायला सांगून त्यांनी चहा ओतला आणि विचारलं, “कुठली तू, बाळा?”

“कोचकोरची.”

“कोचकोरमध्ये कोणाची?”

“असानकुलची मुलगी.”

“कुठला असानकुल? ज्याचा पाय मोडलेला?”

“नाही, अताके. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे ते.”

“शिकवायचे?”

मी म्हटलं, “उद्या चाळिसावा आहे.”

म्हाताऱ्याने हातातला प्याला खाली ठेवला. “तालाय!” त्यांनी हाक मारली. “ये इकडे. काम ठेव.”

तालायने पाना ठेवला. बाहेर आपल्या गाडीची वाट पाहत उभा असलेला एक ट्रकवाला आत आला आणि टोपी सारखी करून उकिडवा बसला. कालीक अताके कुराणातलं पठण करू लागले. आमचे सगळ्यांचे तळहात वर झाले. गाडीच्या खालून, खड्ड्यातूनही दोन हात वर आले, कोपरापर्यंत काळे, आणि बंपरखाली तसेच थांबून राहिले. केमेलचा मला दिसलेला तो पहिला भाग.

“ओमिन,” म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. केमेलनेही फिरवले असावेत, कारण लगेच तो थुंकल्याचा आवाज आला.

त्यानंतर काम सुरू व्हायला हवं होतं. पण मरणाची बातमी कळल्यावर माणसाने दोन शब्द बोलल्याशिवाय पाना उचलणं तालायला बरं दिसेना. तो बसला. ट्रकवालाही बसला. बाबांचं वय, आजार, शेवटचे दिवस, कबरीला ऊन लागतं की सावली असते, सगळं विचारून झालं. ट्रकवाल्याने त्याच्या आजोबांचं सांगितलं. मी घड्याळाकडे पाहिलं ते तालायने पाहिलं.

“एजे, ही मिनिटं मी धरत नाही,” तो म्हणाला.

“मला बाराला निघायला हवं, तालाय. रस्त्यात घाट आहे.”

“दहा मिनिटांचं काम. पण फुकट चहा आत्तापासून सुरू.”

एवढ्यात अबाकेंचा फोन.

“कुठे पोचलीस?”

“टोकमोक. ऑईल बदलतेय.”

“कोणाकडे?”

“तालाय म्हणून आहे.”

“तालाय चांगला. बाप फार बोलतो. त्याला ‘कोचकोर’ म्हणू नकोस.”

“म्हटलं.”

“मग काय, संध्याकाळी भेटू,” अबाके म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या आवाजात मला समाधान ऐकू आलं.

बारा वाजता जुनं ऑईल गळून गेलं. अबाकेंचं भाकीत खरं होतं, ते डांबरासारखं काळं होतं. तालायने डिकी उघडली. मी चौथा प्याला पीत होते आणि कालीक अताके मला सांगत होते की त्यांच्या वेळी ट्रकमध्ये ऑईल घालायचं तर आधी तालुक्याच्या साहेबाची सही लागायची.

“खालचं बूच घट्ट केलंस का रे, मेव्हण्या?”

“केलं!”

“ओततो!”

“ओत!”

पुढे काही वेळ ग्लग-ग्लग आवाज येत राहिला. नंतर तालाय माझ्याकडे येऊन म्हणाला, “या, एजे, चालू करून बघू. गळतंय का ते केमेल खालून पाहील.”

मी गाडी चालू केली. इंजिन छान सुरू झालं, नेहमीपेक्षा गुळगुळीत म्हणावं असं. मला अबाकेंचा चेहरा दिसायला लागला. पट्टी बाहेर येणार, मधासारखी पिवळी, आणि ते काही बोलू शकणार नाहीत.

ओतताना तालायकडून थोडं इंजिनच्या तापलेल्या भागावर सांडलं होतं. त्याचा धूर निघू लागला आणि धुराबरोबर वास.

कालीक अताकेंनी मान वर केली. नाक हलवलं. “घरात बोरसोक तळतायत का?”

“नाही, आमची बाजारात गेलीय,” तालाय म्हणाला.

“मग शेजारी असेल. आज गुरुवार.” म्हाताऱ्याचे डोळे मिटले. गेलेल्या माणसांच्या नावाने आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी तेल तापवून वास काढतात, तो त्यांच्यापर्यंत पोचतो. दुपारीच कोणी काढला तर त्यालाही कोण हरकत घेणार? “वास आला की हात वर करावा,” ते मला म्हणाले. “बघ, बाळा, उद्या चाळिसाव्याला तुझ्या बाबांचा आत्मा घर सोडून निघायचा आणि आज नेमका वास. कुणाचं का तळण असेना. बसा सगळे!”

सगळे पुन्हा बसले. तळहात पुन्हा वर झाले, बंपरखालचेही. आणि मी गाडीच्या दारात उभी राहून हात वर केले, तेव्हा मला पुढच्या चाकापाशी आईचा निळा कॅन दिसला. आडवा आणि रिकामा.

कालीक अताके कुराणातली लांबलचक सुरा म्हणत होते. इंजिन चालू होतं. मला कळलं होतं की बाबांच्या चाळिसाव्याचं तेल बाबांच्या इंजिनात खळखळतंय आणि ते बंद केलं पाहिजे, आत्ता, या क्षणी. पण पठण चाललेलं. कोणासाठी, तर बाबांसाठी. मध्येच बोलणार कशी? अशा वेळी माणसाने काय करावं हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मला आठवेना. मी एक हात तसाच वर ठेवला, दुसरा हळूच आत घातला आणि किल्ली फिरवली.

दुकान एकदम शांत झालं. म्हाताऱ्याचा आवाज तेवढा राहिला. तो संपला.

“ओमिन. बघितलंत?” कालीक अताके सगळ्यांना म्हणाले. “पठणाचा मान ठेवायला पोरीने गाडी बंद केली. हल्ली कोण करतं? बाबांचं वळण!”

“तालाय,” मी म्हटलं, “तुम्ही निळ्या कॅनमधलं ओतलंत?”

“हो.”

“त्यात बोरसोकचं तेल होतं.”

तालायने कॅन उचलला, हुंगला. बोट आत घालून चाखलं. “चांगलं आहे,” तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. “अरे देवा.”

“मी म्हटलं होतं, पातळ वाटतंय,” खड्ड्यातून आवाज.

“कधी म्हटलंस?”

“मनात.”

“एजे, तुम्हीच सांगा,” तालाय दोन्ही हात पसरून म्हणाला. “एका कॅनवर इंजिनचं चित्र. एका बाटलीवर सूर्यफूल. मी काय इंजिनात सूर्यफूल ओतू?”

“सूर्यफूलच ओतलंत.”

ट्रकवाला हसायला लागला. त्याने हसू दाबायचा प्रयत्न केला, कारण चाळिसाव्याला निघालेल्या बाईसमोर हसणं बरं नाही, आणि दाबल्यामुळे ते त्याच्या नाकातून निघालं. त्यावर केमेल खाली हसला. मग मीही. एकोणचाळीस दिवसांत पहिल्यांदा आणि फार वेळ, इतका वेळ की कालीक अताकेंनी माझ्याकडे बारकाईने पाहून चहाचा प्याला पुढे सरकवला.

पुढे दोन तास गेले. तेल काढलं, तालायने स्वतःच्या पिंपातलं ऑईल घालून इंजिन धुतलं, तेही काढलं, नवा फिल्टर लावला, मग सूर्यफुलाच्या बाटलीतलं ओतलं. ओतण्याआधी त्याने ते चाखलं. केमेलला खड्ड्यातून वर बोलावून त्यालाही चाखायला लावलं. केमेल माझ्या कल्पनेपेक्षा बराच लहानखुरा निघाला.

“पैसे घेणार नाही,” तालाय म्हणाला, “पण वहीत लिहा.”

तक्रारवही भिंतीला सुतळीने टांगलेली होती. मी पानं उलटली. ‘बोल्ट सैल राहिला. म्हाताऱ्यांचा स्वभाव फार गोड.’ ‘चार तास लागले. चहा उत्तम.’ ‘माझ्या सासूसाठी पठण केलं, आभारी आहे. ऑईल बदलायचं राहून गेलं, परत येईन.’

मी लिहिलं : ‘दहा मिनिटांचे तीन तास झाले. इंजिनात खाण्याचं तेल ओतलं. चूक निम्मी माझी.’

तालायने खांद्यावरून वाचलं. “निम्मी कशाला, एजे? पाऊण लिहा.”

“निम्मीच.”

“बरं. पण तेल चांगलं होतं असं लिहा. घाणेवाला माझ्या ओळखीचा आहे.”

निघताना त्याने घरातून दोन काचेच्या बरण्या भरून बोरसोकचं तेल आणून दिलं. म्हाताऱ्याने हात वर करून वाटेसाठी आशीर्वाद दिला. मी दुकानातून बाहेर पडले तेव्हा सव्वादोन वाजले होते.

घाटात इंजिन तापलं तसा वास पुन्हा येऊ लागला. कुठल्या तरी कोपऱ्यात सांडलेलं राहिलंच होतं. चढावर तो इतका वाढला की मला काच खाली करावीशी वाटली. पण मी ती बंद ठेवली. मी ठरवत होते अबाकेंना काय सांगायचं. खरं सांगितलं तर गाडी गेली. खोटं सांगायचं, तर नाक असलेल्या माणसाला सांगायचं होतं.

कोचकोरला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात मोठी कढई मांडून बायका थांबल्या होत्या. आई दारात आली, माझ्या गळ्यात पडली, आणि रडता रडता म्हणाली, “तेल कुठाय?” मी बरण्या दिल्या. तिने आधी बरण्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, पण कढई तेलासाठी खोळंबली होती.

अबाके फाटकाशी उभे होते. चार वडीलधाऱ्यांपैकी दोघं त्यांच्या मागे. मला कवेत घेऊन त्यांनी पाठीवर दोनदा थोपटलं आणि हात पुढे केला. “बॉनेट.”

मी उघडलं.

त्यांनी पट्टी काढली, खिशातल्या रुमालाला पुसली, पुन्हा घातली, काढली. उन्हात धरली. ती पिवळी होती, स्वच्छ. मागच्या दोघांपैकी एकाने मान डोलावली. अबाकेंनी पट्टी नाकापाशी नेली. मग खाली वाकून इंजिन हुंगलं, घोड्याचं तोंड हुंगावं तसं.

“हा कसला वास?”

मी सगळं सांगितलं. बाटली, निळा कॅन, पठण, किल्ली. निम्मी चूक माझी, हेही. सांगताना मी त्यांच्याकडे न बघता रुमालावरच्या पिवळ्या डागाकडे बघत होते. मागचे दोघं माझं बोलणं संपेपर्यंत कसेबसे थांबले आणि मग एकमेकांना धरून हसत सुटले.

“एसेनकुल, गाडीलाही पोटभर जेवण मिळालं!”

“गुरुवारी! वर मुल्लासकट!”

अबाके हसले नाहीत. आता ते म्हणणार, किल्ली दे. मी किल्ली मुठीत धरली होती आणि तिचे दात तळहाताला रुतत होते.

“चालू कर,” ते म्हणाले.

“अबाके, आता ऑईल बरोबर आहे, तालायने दोनदा...”

“पोरी, चालू कर गं.”

मी आत बसून चालू केली. ते बॉनेटवर दोन्ही हात टेकवून उभे राहिले. थोड्या वेळाने धुराची बारीक रेघ वर आली.

“पाच गुरुवार झाले,” अबाके म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही, इंजिनच्या आवाजात ते मला जेमतेम ऐकू आलं. “तुझी काकू गेल्यापासून माझ्या घरात तेल तापवणारं कोणी नाही. तुझ्या आईकडे दर गुरुवारी येणार कसा? तिचं तिलाच जड झालंय. मला वाटलं, गाडी असली दारात तर काहीतरी असेल त्याचं.”

मी गाडीतून उतरले. त्यांनी टोपी सारखी केली, तळहात वर केले आणि तिथेच, उघड्या बॉनेटसमोर, म्हणायला सुरुवात केली. त्यांना फारसं पाठ नाही. दोनदा अडले. मागच्यांपैकी एकाने शब्द पुरवला. आम्ही सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

मग त्यांनी बॉनेट जोरात आपटलं.

“उद्या चार माणसांना बसायचं काही कारण नाही,” ते मागच्या दोघांना म्हणाले. “ही गाडी मी चालवली तर गावातली सगळी कुत्री माझ्या मागे लागतील.” आणि मला म्हणाले, “तू ने. पण ऑईल बाजारातून घ्यायचं नाही आणि बदलायचं कोणाकडे नाही. दर पाच हजार किलोमीटरला इथे आणायची. मी बदलणार.”

“बिश्केकमध्ये फिरून माझे वर्षात पाच हजार होत नाहीत, अबाके.”

“मग इथे येत-जात राहा,” ते म्हणाले. “होतील.”